समोरच्याला समजेल असे इंग्रजी: उच्चारांची सुरुवात कुठून करावी

चिमूर तालुक्यातल्या कोलारा गेटवरून ताडोबाच्या जंगलात शिरणाऱ्या जिप्सीत एक स्थानिक गाइड असतोच. त्याला वाघाचे पगमार्क वाचता येतात, भेकर कोणत्या बाजूला ओरडले हे कळते. पण मागे बसलेला परदेशी पाहुणा दोनतीनदा 'काय म्हणालात?' असे विचारतो आणि हाच जाणकार माणूस हळूहळू गप्प होतो. त्याचा शब्द बरोबर असतो, वाक्यही बहुधा बरोबर असते. अडते ते उच्चारापाशी. नागपूरला मुलाखतीसाठी गेलेल्या आपल्या मुलामुलींचेही पुष्कळदा असेच होते.

यात त्यांचा दोष नाही. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी ते पाचवीपासून होते. पण परीक्षा असते ती लिहिण्याची. बोलण्याचा सराव वर्गात फार थोडा होतो आणि उच्चार कसा घडतो हे तर क्वचितच कोणी समजावून सांगते. ते इथे पायरीपायरीने पाहू. व्याकरण कच्चे असले तरी चालेल, फक्त मोठ्याने बोलून पाहायची तयारी हवी.

इंग्लंडच्या माणसासारखे बोलायचे हे आपले उद्दिष्ट नाही. आपण चिमूरचे आहोत हे बोलण्यातून कळले तर काहीच बिघडत नाही. स्कॉटलंडचा माणूस वेगळे बोलतो, अमेरिकेचा वेगळे, आणि दोघांनाही आपापल्या ढंगाचा अभिमान असतो. आपल्याला हवे ते एवढेच, की समोरच्याला पहिल्याच वेळी समजावे. त्यासाठी क्रम महत्त्वाचा आहे. आधी आघात, मग मोजके ध्वनी, मग लय आणि शेवटी बोलण्याची रीत. बहुतेक जण सुरुवात करतात ती वेगापासून. 'फाडफाड इंग्रजी'च्या जाहिरातींनी वेग म्हणजेच प्रावीण्य असा समज करून दिला आहे, आणि त्याने फार नुकसान केले आहे.

आघाताच्याही आधीची, पहिली पायरी म्हणजे स्पेलिंगवरचा विश्वास थोडा कमी करणे. मराठी आपण जवळजवळ लिहितो तशीच वाचतो, म्हणून इंग्रजीही तशीच वाचू लागतो. पण इंग्रजीत लिपीची अक्षरे २६ आणि दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण बोलीत वेगवेगळे ध्वनी सुमारे ४४. स्वर दाखवायला अक्षरे पाच, आणि स्वर धरले जातात वीसच्या आसपास. एकेका अक्षराला अनेक कामे करावी लागणार हे उघड आहे.

हा घोळ इतिहासातून आला. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला आणि पुढे स्पेलिंग हळूहळू पक्की होत गेली. त्याच काळात, साधारण पंधराव्या ते अठराव्या शतकापर्यंत, लोकांच्या तोंडचे दीर्घ स्वर मात्र बदलत राहिले. कागदावर जुना उच्चार राहिला आणि तोंडात नवा आला. 'नाइफ'मधला पहिला 'के' एकेकाळी खरोखर उच्चारला जाई. 'डेट' म्हणजे कर्ज, यातला 'बी' तर कधी बोलला जातच नव्हता. मूळ लॅटिन शब्दाची आठवण म्हणून विद्वानांनी तो नंतर घातला.

ताडोबातलेच उदाहरण घ्या. बिबट्यासाठीचा शब्द स्पेलिंगवरून आपण 'लिओपार्ड' असा वाचतो. तो आहे 'लेपर्ड', दोनच तुकड्यांचा. कासवासाठीचा शब्द 'टॉर्टॉइज' नव्हे, 'टॉर्टस'. अस्वलाला 'बेअर' म्हणायचे. 'बिअर' म्हटले तर ऐकणाऱ्याला प्यायची बिअर आठवेल. आपल्या रोजच्या कामातले असे वीसपंचवीस शब्द आधी तपासून घ्यावेत. सगळा शब्दकोश पाठ करायची गरज नाही.

तपासायचे कुठे, ही दुसरी पायरी. मित्राला विचारून देवनागरीत उच्चार लिहून ठेवायची आपली जुनी सवय आहे. सुरुवातीला ती मदत करते, पण देवनागरीत दोन गोष्टी निसटतात: शब्दाच्या कोणत्या भागावर जोर आहे ते, आणि मराठीत नसलेले ध्वनी. या लेखातले देवनागरी उच्चारही म्हणून जवळपासचेच समजावेत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचे शब्दकोश मोबाइलवर फुकट पाहता येतात. शब्दाशेजारी स्पीकरची दोन चिन्हे असतात, एक ब्रिटिश उच्चाराचे आणि एक अमेरिकन. दोन्हींपैकी एक निवडा आणि काही महिने त्यालाच धरून राहा.

त्याच ठिकाणी तिरप्या रेषांमध्ये विचित्र दिसणारी अक्षरे असतात. ही आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, म्हणजे कोणत्याही भाषेचा उच्चार लिहिण्यासाठी ठरवलेली चिन्हे. ती ठरवणारी संस्था १८८६ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली. सगळी चिन्हे शिकायची गरज नाही, दोन पुरतात. एक म्हणजे वरच्या बाजूची छोटी उभी रेघ आणि दुसरे उलटे 'ई'. रेघेपासून सुरुवात करू.

ही रेघ ज्या तुकड्याच्या आधी असते त्यावर आघात द्यायचा. तुकडा म्हणजे एका दमात बोलला जाणारा, एक स्वर असलेला भाग. भाषाशास्त्रात त्याला अवयव म्हणतात. 'टायगर'मध्ये असे दोन तुकडे आहेत, टाय आणि गर. आघात म्हणजे त्या तुकड्यावर दिलेला जोर. जोर याचा अर्थ ओरडणे नव्हे. तो तुकडा थोडा लांब होतो, थोडा मोठा होतो आणि आवाजाची पट्टी बहुधा तिथे जरा वर चढते. तीनही गोष्टी एकदम होतात.

मराठीत आघात कुठेही पडला तरी अर्थ बदलत नाही. 'कविता' शब्दातला कोणताही तुकडा जोराने म्हणा, ती कविताच राहते. म्हणून आपले कान आघाताकडे लक्षच देत नाहीत आणि इंग्रजी बोलताना आपण सगळे तुकडे सारखे म्हणतो किंवा वाटेल तिथे जोर देतो. इंग्रजी कानाला मात्र शब्द ओळखण्याची पहिली खूण आघातच असते. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतले आर. के. बन्सल यांनी भारतीयांचे इंग्रजी इतरांना कितपत समजते यावरचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. न समजण्याच्या कारणांत चुकीच्या आघाताला त्यांनी मोठे स्थान दिले आहे. थोडाच वेळ हातात असेल तर तो सगळा या पायरीवर घालवा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता तीच रेघ वापरून काही शब्द म्हणून पाहू. गेटवर रोज लागणारा शब्द 'परमिट'. कागद या अर्थाने तो 'पर्-मिट असा, पहिल्या तुकड्यावर जोर. परवानगी देणे या अर्थाने तोच शब्द पर्-'मिट होतो. स्पेलिंग एक, आघात वेगळा, काम वेगळे. 'रेकॉर्ड', 'प्रेझेंट', 'ऑब्जेक्ट' यांचेही असेच आहे. नाम असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. सगळ्या शब्दांना हे लागू नाही, पण अशा जोड्यांत बहुतेकदा चालते.

एकाच कुटुंबातल्या शब्दांत आघात कसा सरकतो तेही पाहा. 'फो-ट-ग्राफ. फ-'टॉ-ग्र-फर. फो-ट-'ग्रॅ-फिक. ताडोबात होणारे निम्मे संभाषण कॅमेऱ्याभोवती फिरते, आणि 'फोटोग्राफर' असे सपाट म्हटले तर पाहुणा क्षणभर थबकतो. दुसऱ्या तुकड्यावर जोर दिला की लगेच समजते.

काही शेपट्या मात्र भरवशाच्या आहेत. शब्दाच्या शेवटी 'शन' ऐकू येत असेल तर जोर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर पडतो: कॉन्-सर्-'व्हे-शन, पॉ-प्यु-'ले-शन, इन्-फर्-'मे-शन. शेवटी 'इक' असेल तरी बहुधा तसेच: इ-क-'नॉ-मिक. शेवटी 'इटी' असेल तर त्याच्या आधीच्या तुकड्यावर: अ-'बि-लि-टी, इ-लेक्-'ट्रि-सि-टी. एवढ्या तीन नियमांत शेकडो शब्द सुधारतात.

आणि काही शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या तुकड्यावर जोर देऊन म्हटले जातात, तो असतो दुसऱ्यावर. हो-'टेल. प-'लीस. रि-'झर्व्ह. डि-'व्हे-लप. बॅम्-'बू. तरसासाठीचा हाय-'ई-ना. हे मोठ्याने म्हणून पाहताना सुरुवातीला खोटे खोटे वाटेल. तसे वाटणे हीच बरोबर वाटेवर असल्याची खूण आहे, कारण ओळखीची सवय मोडते आहे.

आकड्यांत आघाताची चूक महागात पडते. तेरा आणि तीस, पंधरा आणि पन्नास, सोळा आणि साठ. 'तेरा'च्या शब्दात शेवटचा 'टीन' लांब आणि जोरदार, 'तीस'च्या शब्दात पहिला तुकडा जोरदार आणि 'टी' आखूड. चिमूरची ओळख सांगताना आपण १६ ऑगस्ट १९४२ च्या क्रांतीचा उल्लेख करणारच. तिथे सिक्स्-'टीन्थ म्हणताना जोर मागे ठेवा आणि 'न्थ' गिळू नका, नाहीतर ऐकणाऱ्याला साठावी तारीख ऐकू येते. पैसे किंवा वेळ सांगताना खात्री नसेल तर आकडे सुटे करूनही सांगावेत: 'वन फाइव्ह, फिफ्टीन'. त्यात कमीपणा नाही. विमानतळावरही असेच सांगतात.

आता ते उलटे 'ई'. याला उदासीन स्वर म्हणतात: जीभ, ओठ, जबडा काहीच न ताणता निघणारा अगदी आखूड 'अ'. इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर हाच. जिथे आघात नसतो तिथला स्वर बहुधा विरून उदासीन होतो, मग स्पेलिंगमध्ये ए असो, ओ असो वा ई. म्हणूनच 'फोटोग्राफर'चा पहिला 'फो' नुसता 'फ' होतो. आपल्याला हा स्वर नवा नाही. मराठीत बोलताना आपण 'सरपण' म्हणतो तेव्हा मधला 'र' नीट 'र' राहत नाही, त्यातला अ गळून पडतो. इंग्रजीत असे हलके करणे हा नियमच आहे, एवढेच लक्षात ठेवायचे. चूक होते ती उलट दिशेने: प्रत्येक स्वर स्पष्ट म्हणणे म्हणजे शुद्ध इंग्रजी, असे समजून आपण 'व्हे-जी-टे-बल' म्हणतो. तो शब्द 'व्हेज्-ट-बल' आहे.

यानंतर ध्वनी. सगळे ४४ नव्हे, जिथे अर्थच बदलतो तेवढेच.

सुरुवात आपल्या बोलीपासून करू. चिमूर ते गडचिरोली या पट्ट्यात झाडीबोली ऐकू येते आणि तिच्यात 'श' नाही. शेत 'सेत' होते. घरात, बाजारात ते अगदी योग्य आहे, ती आपली बोली आहे. इंग्रजीत मात्र 'शी' म्हणजे ती आणि 'सी' म्हणजे पाहणे. 'शिप' म्हणजे जहाज आणि 'सिप' म्हणजे घोट. 'स' म्हणताना जिभेचे टोक दातांच्या जवळ असते आणि ओठ पसरलेले. तिथून जीभ जराशी मागे घ्या आणि ओठ थोडे पुढे काढा, 'श' मिळतो. कोणाला गप्प करताना आपण 'श्श्श' करतो, तोच हा. हा सराव सुरू झाला की काही जण प्रत्येक 'स'चा 'श' करू लागतात आणि 'बस'ची 'बश' होते. म्हणून दोन्ही नेहमी जोडीने म्हणावेत.

दुसरा ध्वनी 'झेड'चा. आपण त्याच्या जागी कधी 'झ', कधी 'ज' म्हणतो. गळ्यावर हात ठेवा आणि लांब 'स्स्स्स' म्हणा, हाताला काही जाणवणार नाही. तोंड तसेच ठेवून आतून आवाज काढा. गळा थरथरू लागतो आणि मधमाशीसारखा नाद येतो. हाच तो ध्वनी. गळा थरथरतो त्या ध्वनींना घोष म्हणतात, थरथरत नाही त्यांना अघोष. 'प्राइस' म्हणजे किंमत, शेवट अघोष. 'प्राइझ' म्हणजे बक्षीस, शेवट घोष.

तिसरी जोडी 'व्ही' आणि 'डब्ल्यू'. मराठीत दोन्हींचे काम एका 'व'वर भागते. 'व्ही'साठी वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवा आणि हवा सोडा: व्हिलेज, व्हॅन, गिधाडासाठी व्हल्चर. 'डब्ल्यू'ला दात लागतच नाहीत, ओठ गोल होतात, शीळ घालण्याआधी होतात तसे: वॉटर, वाइल्ड, वुड. मराठीत आपण 'व्ही'साठी 'व्ह' लिहितो, पण त्यात खरा 'ह' नाही. व्-हॅन असा धाप टाकल्यासारखा उच्चार ही त्या लिखाणातून आलेली चूक आहे. आरशासमोर बसून ही जोडी पक्की होते, कारण दात दिसतात की नाही एवढेच पाहायचे असते.

चौथी गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटते. शब्दाच्या सुरुवातीचा प, ट, क इंग्रजीत हवेच्या झोतासह येतो, जवळजवळ महाप्राण. महाप्राण म्हणजे आपल्या ख, ठ यांसारखे, ज्यांत हवेचा दाब जास्त असतो. आपण म्हणतो तो साधा 'प' अल्पप्राण. तो इंग्रजी कानाला 'ब' वाटू शकतो. मग 'पार्क'चे 'बार्क' होते, 'कोट'चे 'गोट', 'टाउन'चे 'डाउन'. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरा आणि 'पार्क' म्हणा. पट्टी हलली पाहिजे. फक्त 'स'नंतर हा झोत नको: 'स्पॉट', 'स्टॉप', 'स्काय' यांत आपला साधा प, ट, कच बरोबर आहे.

जंगलात ही गोष्ट अधिकच कामाची, कारण तिथे आपण कुजबुजतो. कुजबुजताना गळा थरथरत नाही, म्हणजे घोष आणि अघोष यांतला फरक पुसट होतो. 'प' आणि 'ब' वेगळे ओळखायला ऐकणाऱ्याला उरतो तो मुख्यतः हवेचा झोत. म्हणून जिप्सीत हळू बोलताना झोत विसरू नका, आणि वाक्य छोटे ठेवा: 'लेफ्ट साइड. बिहाइंड द बॅम्-'बू.'

स्वरांत दोन ठिकाणी सांभाळावे. एक, इ आणि ई. मराठीत 'दिन' आणि 'दीन' आपण बोलताना जवळजवळ सारखेच म्हणतो. इंग्रजीत ऱ्हस्व इ म्हणताना जीभ सैल आणि थोडी खाली असते, दीर्घ ई म्हणताना ओठ ताणलेले. 'आय लिव्ह इन चिमूर' म्हणजे मी चिमूरला राहतो. 'लीव्ह' म्हटले की चिमूर सोडून चालल्यासारखे होते. टेकडीचा 'हिल' आणि टाचेचा 'हील' यांचाही असाच गोंधळ होतो.

दोन, 'बॅट'मधला ॲ. जुन्या मराठी छपाईत 'ब्यांक', 'प्यांट' असे लिहीत, आणि आजही कित्येकांच्या तोंडी 'ट्याक्सी', 'ग्यास' आहे. त्या 'य'ला इंग्रजीत जागा नाही. जबडा खाली सोडा, 'ए' म्हणायला जा आणि तोंड आणखी उघडा. 'मॅन' एक माणूस, 'मेन' अनेक. जबडा उघडला नाही तर संख्या बदलते.

'थिंक'मधल्या 'टी-एच'वर लोक महिने घालवतात. माझ्या मते ते शेवटी ठेवावे. खरा उच्चार जिभेचे टोक दातांमध्ये ठेवून हवा सोडल्याने येतो, पण आपला 'थ' दंत्य असल्यामुळे 'थ्री' आणि 'ट्री' आपण मुळातच वेगळे म्हणतो आणि समजण्यात फारशी अडचण येत नाही. 'ट' आणि 'ड' यांचेही तसेच. आपले थोडे मागे वळलेले असतात, त्यावरून आपण भारतीय आहोत एवढेच कळते.

शब्दांचे शेवट मात्र सोडून चालणार नाही. अनेकवचनाचा 'एस' तीन प्रकारे वाजतो. आधीचा ध्वनी अघोष असेल तर 'स': कॅट्स, टुरिस्ट्स. घोष असेल किंवा स्वर असेल तर गळा थरथरणारा: टायगर्झ, बर्ड्झ. आधीच स, झ, श, च, ज यांपैकी काही असेल तर 'इझ': बसिझ. इथे मराठी माणसाला एक देणगी आहे. 'चमचा'तला च आणि 'चिमूर'मधला च आपण वेगळे म्हणतो. 'कॅट्स'चा शेवट म्हणजे 'चमचा'तला च, आणि 'बर्ड्झ'चा शेवट 'जागा'मधल्या जच्या अगदी जवळचा. हे ध्वनी शिकावे लागत नाहीत, फक्त शब्दाच्या शेवटी आणायचे असतात.

भूतकाळाच्या 'ईडी'लाही तीन रूपे. 'लुक'चे 'लुक्ट', 'स्टॉप'चे 'स्टॉप्ट', कारण क, प अघोष. 'कॉल'चे 'कॉल्ड'. आणि शेवटी ट किंवा ड असेल तरच वेगळा तुकडा वाढतो: 'वॉन्टिड', चितळासाठी 'स्पॉटिड डिअर'. 'लुकेड', 'स्टॉपेड' असे वाचणे ही स्पेलिंगवरच्या विश्वासाचीच चूक. शिवाय जोडाक्षराने संपणाऱ्या शब्दात आपण मध्ये एक अ घालतो, 'फिल्म'चे 'फिलम' आणि 'फॉर्म'चे 'फारम' करतो. शेवटचे दोन ध्वनी एकमेकांना चिकटवून पाच वेळा म्हटले की ते सुटते.

इथून पुढे वाक्याची लय. इंग्रजी वाक्यात नाम, क्रियापद, विशेषण हे शब्द जोरात येतात, आणि 'द', 'इझ', 'टू', 'ऑफ', 'अँड' असे जोडणारे शब्द घाईत, उदासीन स्वराने. 'द टायग्रेस वॉझ सिटिंग इन द बॅम्बू' यात जोराची ठिकाणे तीनच: टाय, सिट आणि बू. बाकीचे त्यांच्या मधल्या जागेत बसवायचे. टेबलावर तीन टिचक्या मारत हे वाक्य म्हणून पाहा. सगळे शब्द सारख्या वजनाने म्हटले तर ऐकणाऱ्याला महत्त्वाचे कोणते ते निवडत बसावे लागते.

याच नियमामुळे 'कॅन' आणि 'कान्ट' फसवतात. 'आय कन् 'गो' यात 'कन्' अगदी हलका आणि जोर 'गो'वर. नकारात जोर 'कान्ट'वरही येतो. आपण होकारातही 'कॅन' ठासून म्हणतो आणि पाहुण्याला, विशेषतः अमेरिकनाला, तो नकार वाटतो. गाडीतून खाली उतरता येईल का, या प्रश्नाच्या उत्तरात असा गैरसमज परवडणारा नाही. तिथे सरळ 'नो' म्हणून मग पुढचे सांगावे.

शब्द एकमेकांत मिसळतात हेही ओळखीचे आहे. 'काय करतो आहेस' याचे 'काय करतोयस' आपण रोज करतो. तसे 'पिक इट अप'चे 'पिकिटप' होते. बोलताना हे मुद्दाम करू नका, ते आपोआप येते. ऐकताना मात्र माहीत हवे, नाहीतर तीन ओळखीचे शब्द मिळून एक अनोळखी शब्द तयार होतो आणि आपण तिथेच अडकतो.

आणि थांबा घ्या. अर्थाचा एक गट संपला की क्षणभर विराम. हळू बोलणे म्हणजे प्रत्येक शब्द तोडणे नव्हे. गट अखंड ठेवायचा, थांबायचे ते दोन गटांच्या मध्ये.

आता आवाजाची चढउतार. हो-नाही उत्तराच्या प्रश्नात शेवटी आवाज वर जातो: 'आर यू रेडी?' 'व्हॉट', 'व्हेअर' असे शब्द असलेल्या प्रश्नात तो सहसा खाली येतो: 'व्हेअर आर यू फ्रॉम?' हा दुसरा प्रश्न आपण कधी कधी चढत्या, ठसक्याच्या आवाजात विचारतो आणि चौकशी केल्यासारखे वाटते. शेवट खाली आणला की तेच शब्द आपुलकीचे होतात.

आदराचीही गोष्ट इथेच येते. मराठीत आदर क्रियापदात असतो, 'बसा' म्हटले की पुरे. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण यांना एकच 'यू', त्यामुळे नुसते 'सिट डाउन' हुकमासारखे ऐकू येते. 'कुड यू प्लीज सिट डाउन?' यात मराठीतला सगळा आदर येतो. आणखी एक अडचण नकारार्थी प्रश्नांची. पाहुणा विचारतो, 'आज वाघ दिसला नाही?' आपण मराठी पद्धतीने म्हणतो, 'हो, नाही दिसला', आणि तोंडून 'येस' निघते. इंग्रजीत घडले नसेल तर 'नो'च. 'नो, वी हॅव्हन्ट' एवढे पूर्ण म्हणायची सवय लावावी.

सरावाचे वेळापत्रक साधे ठेवा. रोज पंधरा मिनिटे पुरतात, पण रोज. आपल्या कामाची पाचसहा वाक्ये निवडा, शब्दकोशातून आघात लावून घ्या, मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि मूळ उच्चाराशेजारी ठेवून ऐका. स्वतःचा आवाज ऐकणे पहिल्या आठवड्यात नकोसे वाटते. तो आठवडा निभवा. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या या सरावाला चांगल्या, कारण निवेदक भारतीय असतात, स्पष्ट बोलतात आणि बातमीचा संदर्भ आपल्याला आधीच माहीत असतो. बातमीचे एक वाक्य ऐका, थांबवा, त्याच लयीत म्हणा.

फोनमधल्या बोलून टाइप करण्याच्या सोयीचाही उपयोग होतो. सेटिंगमध्ये भाषा इंग्रजी ठेवा आणि 'शिप', 'सिप', 'पार्क', 'बार्क' असे एकेक शब्द बोला. पडद्यावर काय उमटले ते पाहा. पूर्ण वाक्य बोलू नका, कारण वाक्यात यंत्र संदर्भावरून अंदाज बांधते आणि चुकलेला शब्दही बरोबर लिहून दाखवते.

शेवटचे काम कानाचे. पाहुणे सगळे इंग्लंडचे नसतात. अमेरिकन माणसाच्या 'वॉटर'मधला ट मऊ होऊन ड-र सारखा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या काहींचे 'डे' आपल्याला 'डाय' वाटते. जर्मन पाहुणा 'डब्ल्यू'च्या जागी 'व्ही' म्हणू शकतो आणि फ्रेंच पाहुण्याच्या तोंडचा 'ह' गळतो. या शेवटच्या दोघांचीही इंग्रजी शिकलेलीच असते. पहिली एकदोन मिनिटे पाहुण्यांना गावाबद्दल, प्रवासाबद्दल बोलू द्या, तेवढ्यात कान त्यांच्या उच्चारांना सरावतो. तरीही कळले नाही तर मान हलवू नका. 'सॉरी, कुड यू से दॅट अ-'गेन?' असे विचारा, 'अगेन'च्या दुसऱ्या तुकड्यावर जोर देऊन. पुन्हा कळले नाही तर जेवढे कळले तेवढे आपण म्हणून दाखवा आणि उरलेला एकच शब्द विचारा.